यादी कोण करतो, यावर सगळं आहे

महोदय,

पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली राबवायची ठरली की अनेक संस्थांत पहिला फोन सल्लागाराला जातो आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्याच कुठल्या कारखान्याच्या पर्यावरणावरील परिणामांच्या यादीची फाइल नाव बदलून टेबलावर येते. अंतर्गत ऑडिटसाठी मी बरीच वर्षं विभागाविभागांतून फिरतो आहे. अशा फाइली पाहून जीव तुटतो.

एका फाइलमध्ये ऊर्जावापराचा रकाना होता, पण यंत्रांना दाबाखालची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा उल्लेखच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली, तेव्हा भिंतीकडून बारीक फुसफुस ऐकू आली. हवेची लाइन सांध्याशी गळत होती. वापर शून्य, तरी कॉम्प्रेसर मधूनमधून सुरू होत होता. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हे कधीपासूनच आहे. आम्हाला कोणी विचारलं नाही." शेजारच्या पिंपात तेलकट चिंध्या आणि कोरडा पुठ्ठा एकत्रच पडले होते.

अशा प्रणालीसाठीचं आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९६ साली आलं. सांडपाण्यात किंवा धुरात काय किती चालेल, याचे आकडे ते देत नाही. त्या मर्यादा कायदा घालतो. तुमच्या कामातून हवा, पाणी, जमिनीवर काय परिणाम होतो ते तुम्हीच शोधा, उद्दिष्टं ठरवा, मोजा, सुधारा, असं ते सांगतं. म्हणजे सुरुवातीची यादीच चुकली, तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं. २०१५च्या आवृत्तीने वरिष्ठ व्यवस्थापनावर थेट जबाबदारी टाकली, हे चांगलंच झालं. पण वरिष्ठांना ती फुसफुस ऐकू येत नाही.

म्हणून यादी जागेवर फिरून करावी, आणि रात्रपाळीतही. यंत्र सुरू करताना, बंद करताना, पिंप कलंडल्यावर काय होतं, हे सफाई कामगार, फिटर आणि ड्रायव्हर यांना विचारावं. मानकालाही फक्त सुरळीत चाललेलं काम अपेक्षित नाही. बिघाड आणि आणीबाणीही त्यात धरायची असते. छोट्या संस्थांनी खर्चाला घाबरू नये. प्रणाली टप्प्याटप्प्याने कशी आणावी, यासाठी आयएसओ १४००५ हे वेगळं मार्गदर्शक आहे, आणि प्रमाणपत्र घेणं सक्तीचं नाही.

व्यवस्थापनाच्या आढावा बैठकीत ही यादी वाचली जाईल, तेव्हा ती सांगणाऱ्यांपैकी निदान एकाला तरी खुर्ची द्या, एवढी माझी सर्व संस्थांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक अंतर्गत ऑडिटर