सुध्या, तो पिंक आठवतो?

प्रिय सुध्या,

सहा महिने मी गप्प बसलो. तू रागावला असशील तर हक्कच आहे तुझा. इथे सगळे बरे. माझी शुगर आटोक्यात, आईचा गुडघा तसाच.

परवा रात्री १९९१ च्या मास्टर्स स्नूकरची फायनल पाहिली, हेंड्री विरुद्ध हॅलेट. तीच, जिचा नुसता निकाल वाचून आपण हॉलच्या पायरीवर चहा गार होईपर्यंत भांडलो होतो. तू म्हणायचास हॅलेट हरला, मी म्हणायचो हेंड्री जिंकला. मार्करकाका शेवटी ओरडले, "अरे, निमंत्रितांची स्पर्धा ती, रँकिंगचा एक गुण नाही, आणि तुम्ही टेबल अडवून बसलात!"

हॅलेट सात-शून्यने पुढे, मग आठ-दोन. नऊ फ्रेम, म्हणजे नऊ डाव, जिंकेल त्याचा सामना. अकराव्या फ्रेममध्ये हॅलेटला एक साधा पिंक, तो गुलाबी चेंडू, पॉकेटात घालायला हवा होता. तो राहिला, आणि पुढे ओळीने फ्रेम जात नऊ-आठने हेंड्रीच्या खिशात. बावीस वर्षांचं पोर! लागोपाठ तिसरी मास्टर्स त्याची. दोघं १९८७ ला जोडीने वर्ल्ड डबल्स जिंकलेले, हे मी विसरलोच होतो. आणि हॅलेट तर १९८८ च्या याच फायनलमध्ये डेव्हिसकडून नऊ-शून्य हरलेला. त्यात या रात्री घरी गेला तर घरफोडी झालेली.

इतकी वर्षं मी ही कथा हेंड्रीची म्हणून सांगितली. परवा मात्र सारखं लक्ष जात होतं ते खुर्चीत बसलेल्या हॅलेटकडे. हातात क्यू, म्हणजे खेळायची काठी, पण करण्यासारखं काही नाही. स्नूकरमध्ये समोरचा खेळत असला की आपण नुसतं बसायचं, याहून वाईट शिक्षा कुठल्या खेळात नसेल.

आमची चिंगी तिच्या सामन्यात तशीच बसली होती रे. सात फ्रेमचा सामना, तीन-शून्यने पुढे. मधल्या पॉकेटचा ब्लू राहिला आणि चार-तीनने गेली. बारा दिवस झाले, क्यूची पेटी उघडलेली नाही. "अभ्यास आहे," म्हणते. बारावीच्या वर्षातसुद्धा तिने कधी अभ्यास आडवा आणला नव्हता. मी समजवायला जातो तर म्हणते, "बाबा, तुम्ही कधी असे हरलात का?"

नाही हरलो. तू हरलास. माझ्याकडून, चार-एकने पुढे असताना. त्या रात्री मी सगळ्या हॉलला मिसळ खाऊ घातली आणि तू चपला घालून निघून गेलास. पुढे तू क्यू विकलास तेव्हाही मी किंमत विचारली, कारण नाही विचारलं. वाद घालायला मात्र रोज यायचो, "मी जिंकलो, तू हरला नाहीस" म्हणत. तेव्हा मला ते तुझं सांत्वन वाटायचं. चुकलं माझं, सुध्या.

तिच्याशी एकदा बोलशील? रविवारी दुपारी घरी असते. खेळ म्हणू नकोस, खेळू नको असंही म्हणू नकोस. तुला त्या खुर्चीत काय वाटलं होतं तेवढं सांग. मला कधी सांगितलं नाहीस, तिला सांग.

वहिनींची बदली झाली का? धाकट्याच्या नोकरीचं कळव. नागपूरचा उन्हाळा सांभाळ.

तुझाच,
बंड्या

ता.क. तुझा क्यू ज्याने घेतला होता, त्याच्याकडे अजून आहे. मी काल जाऊन पाहून आलो. टिप बदलली आहे, बाकी तसाच.