निम्म्या भारावरचा संच

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवसा सौर वीज आणि दिवेलागणीनंतर कोयनेची वीज, अशी सोपी वाटणी हल्ली चर्चेत मांडली जाते. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो हे खरेच. पण तो हव्या त्या भारावर कितीही वेळ चालवता येतो, ही समजूत चुकीची आहे.

कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन चक्रे आहेत. त्यांत पाण्याचा झोत हवेतून येऊन वाट्यांवर आदळतो, त्यामुळे भार उतरवला तरी फारसे बिघडत नाही. तिसऱ्या टप्प्यातील ८० आणि चौथ्या टप्प्यातील २५० मेगावॉटचे संच मात्र फ्रान्सिस पद्धतीचे आहेत. त्यांचा रनर, म्हणजे पात्यांचे फिरते चक्र, पूर्णपणे पाण्यात फिरतो. भार पुरेसा असेल तर पाणी रनरमधून जवळजवळ सरळ ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे खालच्या निचरा नळीत, उतरते. भार निम्म्यावर आणला, की रनरकडे जाणारे पाणी आवरणाऱ्या झडपा (गाइड व्हेन) मिटत येतात, बाहेर पडणाऱ्या पाण्यात पीळ उरतो आणि त्याचा दोरखंडासारखा भोवरा रनरच्या साधारण पाव ते तृतीयांश गतीने घिरट्या घालत दाबाचे हेलकावे निर्माण करतो. नोकरीत असताना अशा वेळी मी ड्राफ्ट ट्यूबच्या मॅनहोलच्या झाकणावर हात ठेवून पाहत असे. आत कोणी खडी ओतत असल्यासारखा आवाज येई आणि धक्के तळहातावर मोजता येत. आत हवा सोडली की ते कमी होत, पण थांबत नसत.

रशियातील सायानो-शुशेन्स्काया केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी याची परिसीमा दिसली. ६४० मेगावॉटचा दुसरा संच आदल्या रात्रीपासून ग्रिडचे चढउतार सांभाळत वर्ज्य पट्ट्यातून, म्हणजे ज्या भारावर संच चालवू नये त्या टप्प्यातून, वारंवार ये-जा करत होता. सकाळी त्याचे झाकण आवळून धरणारे बोल्ट तुटले, पाण्याने संच उचलून फेकला आणि ७५ जण प्राणास मुकले. तपासलेल्या ४९ बोल्टपैकी ४१ मध्ये धातूच्या थकव्याचे तडे होते. दोष एकट्या भोवऱ्याचा नव्हता, देखभालीतील हलगर्जीही तितकीच गंभीर होती. पण धातू थकतो तो अशा कंपनांनीच.

राखीव क्षमता हाताशी राहावी म्हणून एका संचाऐवजी दोन संच निम्म्या भारावर ठेवण्याचा मोह भार नियोजकांना होतो. ग्रिडच्या दृष्टीने तो गैर नाही, मात्र त्याची किंमत बेअरिंग आणि बोल्ट मोजतात. म्हणून सह्याद्रीत येऊ घातलेल्या उदंचन (खालचे पाणी वर उपसून पुन्हा वीज करणाऱ्या) प्रकल्पांच्या करारांत प्रत्येक संचाचा वर्ज्य पट्टा आणि कंपनाची मर्यादा स्पष्ट लिहावी, आणि त्या पट्ट्यात संच वर्षभरात किती तास चालला याचा आकडा वीजनिर्मितीच्या आकड्यांसोबत प्रसिद्ध करावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, चिपळूण