रेनकोटवाल्या दादांना

सात वर्षांच्या आमच्या पोराच्या डोळ्याला शेतात उसाचं पातं लागलं. दुकानातून थेंब आणून घातले आणि आठ दिवस घालवले. त्यात स्टेरॉईड होतं, हे मागनं कळलं. चूक आमचीच. त्यानं डोळ्यातली बुरशी वाढली, बुबुळ पांढरं पडलं. एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "भोक पडलंय. तातडीनं बुबुळ बदलायला लागणार."

पण बुबुळ आणायचं कुठनं? बाहेर धो धो पाऊस, पंचगंगेचं पाणी चढलेलं.

रात्री अकराला नेत्रपेढीचे एक दादा मोटरसायकलवरून आले. नखशिखांत भिजलेले. रेनकोट अंगावर नव्हता, बर्फाच्या डब्याला गुंडाळला होता! डबा सिस्टरांच्या हातात दिला, सही घेतली आणि मगच चेहरा पुसला. चहा म्हटलं तर, "आधी पोराचं होऊ दे वहिनी."

आत भूल द्यायच्या आधी पोरगं आकांत करत होतं. वॉर्डातल्या मावशींनी त्याच्या मुठीतली गोटी काढून घेतली नाही, वरनं चिकटपट्टी लावून दिली. बाहेर आला तेव्हा मूठ तशीच.

डोळ्यात १६ टाके आहेत, केसाहून बारीक. लहान मुलांचे लवकर सैल होतात म्हणून सारखं तपासायला जावं लागतं. परवा त्यानं लांबून म्हैस ओळखली.

आणि ज्या घरानं आपलं माणूस गेल्याच्या दुःखातही सहा तासांच्या आत नेत्रदानाचा फोन केला, त्यांना काय म्हणायचं? हात जोडते.

दादा, तुमचा रेनकोट आमच्याकडंच राहिलाय. वाळवून घडी घालून ठेवलाय.