कान्होबाची गोष्ट हाती देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

परवा वाचनालयात गेलो तर काउंटरवर नवी मुलगी होती. तुम्ही निवृत्त झालात, गावीही गेलात, असं तिच्याकडून कळलं. समोर बोलायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र.

चार वर्षांपूर्वी माझा दादा नर्मदा परिक्रमेला गेला आणि परतलाच नाही. ओंकारेश्वरहून एक पोस्टकार्ड आलं, ‘शोधू नका, मी सुखात आहे.’ नातेवाईक म्हणायचे, केवढं भाग्य तुमच्या घराचं! आई रात्री त्याचं ताट मांडायची. कुणी देवाचं नाव काढलं की मी उठून जायचो.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. मागच्या कपाटातून दि. बा. मोकाशींची ‘आनंद ओवरी’ काढलीत. मुदतीचा शिक्का न मारता कार्डावर पेन्सिलीने तारीख टाकलीत आणि म्हणालात, “दंडाचं मनात आणू नकोस. धाकट्या भावाची गोष्ट आहे.”

तुकोबांवरची कादंबरी म्हणजे चमत्कार असणार, असं धरूनच मी उघडली. पण बोलतो तो कान्होबा, तुकोबा नाहीसे झाल्यावर देहूत मागे उरलेला भाऊ. थोरला सावजी आधीच घर सोडून गेलेला. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात वहिनी गेली, पुतण्या गेला. तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. कान्होबाची कान्होबाकडे राहिली आणि प्रपंचही राहिला. संतचरित्रात या माणसाला आपण दोन ओळींत उरकतो. मोकाशी त्याच्याजवळ बसून राहतात. त्याला भावाचा अभिमान आहे, रागही आहे. आणि तुकाला दिसलं ते नेमकं काय, हे कळावं म्हणून जीव तुटतो आहे. घर सोडून जाणाऱ्याचा शोध मला ठाऊक होता. घरात राहणाऱ्याचाही असतो, हे मला त्या पानांत पहिल्यांदा कळलं.

मग आजोबांची गाथा काढली. तीत कान्होबाचेही अभंग आहेत, हे मला माहीतच नव्हतं. ‘भुक्ति मुक्ति तुझें जळों ब्रह्मज्ञान । दे माझ्या आणोनि भावा वेगीं ॥’ विठ्ठलाला तोंडावर असं सुनावलेलं, आणि वारकऱ्यांनी ते तुकोबांच्या अभंगांशेजारी जपून ठेवलं! आई जेवत होती. तिने हात थांबवला, म्हणाली, “परत वाच.” चौथ्यांदा वाचताना तीही माझ्याबरोबर म्हणू लागली.

दादाचा पत्ता अजून नाही. एकादशीला मी आईबरोबर देवळात जातो. रागावलेलो असलो तरी जातो, आणि राग तिथेच बोलून दाखवतो. काकू, हे तुमच्यामुळे झालं. तुमचे मनापासून आभार.

पुस्तक परत केलं आहे. पाठीचा दोरा सुटला होता तो शिवून घेतला, नवं खाकी कव्हर घातलं. कार्डावरची पेन्सिलीची तारीख तेवढी खोडू नका, असं त्या मुलीला सांगून आलो आहे.

आपला,
एक सभासद