रोडमॅपच्या आधी आपला प्रश्न निवडावा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर 'सहा महिन्यांत एआय इंजिनिअर व्हा' असे फलक झळकू लागतात. आमच्या अंबड औद्योगिक वसाहतीतही हल्ली जेवणाच्या सुट्टीत हाच विषय निघतो. कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलवर घरबसल्या एआय शिकण्याचा एखादा रोडमॅप आलेला असतो. शे-दीडशे चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण असलेले ते लांबलचक चित्र चार जणांना पुढे पाठवले जाते, जपून ठेवले जाते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. मी स्वतः असे दोन रोडमॅप अर्ध्यावर सोडून तिसऱ्यावर टिकलो. स्वयंअध्ययनाचा मार्ग कसा निवडावा, याविषयी त्या अनुभवातून जे उमगले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. मी निवडलेला पहिला रोडमॅप 'आधी गणित, मग सगळे' अशा स्वरूपाचा होता. त्यात लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, संभाव्यता आणि संख्याशास्त्र संपवल्यावर कुठे पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पहिली ओळ लिहायची होती. एमआयटीचे निवृत्त प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्रावरील व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि ती इतकी स्वच्छ आहेत की माझ्या अपयशाचा दोष त्यांना देता येणार नाही. पण सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला घरी पोहोचणाऱ्या माणसाला 'हे मी कशासाठी शिकतो आहे' याचे उत्तर तीन आठवड्यांत मिळाले नाही, तर वही मिटते. माझीही मिटली.

दुसरा रोडमॅप अगदी उलट टोकाचा होता. पहिल्याच संध्याकाळी ब्राउझरमध्येच प्रोग्राम चालवता येणाऱ्या गुगल कोलॅबवर तयार प्रोग्राम चालवून मांजर आणि कुत्र्याची छायाचित्रे वेगळी करून दाखवायची. ते जमले, घरात कौतुकही झाले. मात्र दुसऱ्या दिवशी त्यात माझी स्वतःची छायाचित्रे घालण्यासाठी दोन ओळी बदलल्या आणि सगळे बंद पडले. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती, कारण त्या रोडमॅपला ती सांगण्याइतकी महत्त्वाची वाटली नव्हती.

तिसऱ्या वेळी मी रोडमॅप बाजूला ठेवून आधी प्रश्न निवडला. आमच्याकडे एका भागाच्या बोअरचा, म्हणजे आतल्या गोल छिद्राचा, व्यास दर अर्ध्या तासाला मोजून नोंदवला जातो. मोजमापे ठरलेल्या मर्यादेत आहेत का हे आलेखावर दाखवणारी कंट्रोल चार्ट ही पद्धत वॉल्टर शेवार्ट यांनी १९२४ मध्ये मांडली आणि आम्ही आजही तिच्यावर काम करतो. परंतु इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे पाते, झिजत चालले की रीडिंग हळूहळू सरकते आणि एखादा लॉट हातचा जातो. हे सरकणे थोडे आधी ओळखता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता. त्यासाठी काय काय लागेल ते मागे मागे जात लिहिले, तेव्हा शंभर चौकटींपैकी अवघ्या दहा-बारा उरल्या: पायथनमधील व्हेरिएबल, लूप, फंक्शन आणि फाइल वाचणे, एक्सेलमधील नोंदी हाताळण्यासाठी पांडाज हा पायथनचा संच, आलेख काढणे, थोडे संख्याशास्त्र आणि सर्वांत शेवटी सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या (नोंदींवरून संगणकाला शिकवण्याच्या) तयार संचातील एक-दोन साध्या पद्धती. डीप लर्निंग या अधिक गुंतागुंतीच्या पद्धतीचे नावही त्या यादीत नव्हते.

या कामातला एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण पाहिलेल्या कोणत्याही चित्रात त्याची चौकट मला आढळली नव्हती. नग खराब निघेल का हे नोंदींवरून सांगणारे पहिले मॉडेल तयार झाले तेव्हा त्याची अचूकता ९७ टक्के आली आणि मी हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी नोंदी पुन्हा तपासल्या, तर हजार नगांपैकी खराब नग मुळातच ३० होते. म्हणजे डोळे मिटून प्रत्येक नगाला 'चांगला' म्हणणारा माणूसही ९७ टक्के बरोबर ठरला असता आणि माझे मॉडेल नेमके तेच करत होते. खराब ३० पैकी किती पकडले, हा विचारायचा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर शून्य होते. पुढे आणखी एक चूक सापडली. शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या नोंदी मी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या सरमिसळ करून वेगळ्या केल्या होत्या. त्यामुळे एकाच लॉटमधील शेजारचे नग दोन्हीकडे गेले होते आणि परीक्षेतले प्रश्न मॉडेलला जणू आधीच माहीत होते. तारखेनुसार, म्हणजे आधीच्या महिन्यांवर शिकवून नंतरच्या महिन्यावर तपासल्यावर आकडे खाली आले, पण खरे झाले. या दोन चुकांनी मला जेवढे शिकवले, तेवढे पाहून सोडलेल्या चाळीस व्हिडिओंनी शिकवले नाही. गणिताकडे मी परत वळलो तेही याच टप्प्यावर. आता मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि संभाव्यता हे शब्द कशासाठी आहेत ते कळत होते, आणि त्यांची उजळणी करायला आपल्या राज्य मंडळाचे बारावीचे गणिताचे पुस्तक पुष्कळ दिवस पुरले.

त्यामुळे कोणी रोडमॅप दाखवून 'हा चांगला आहे का' असे विचारले, तर त्यात किती विषय आहेत हे मी आता पाहत नाही. तो कुठे थांबायला सांगतो, म्हणजे कोणत्या टप्प्यावर पुढचे शिकणे थांबवून शिकलेल्या गोष्टीतून स्वतः काही बनवायला लावतो, ते पाहतो. दुसरे म्हणजे त्यातल्या किती चौकटी साधनांच्या नावांच्या आहेत आणि किती मूळ कल्पनांच्या, हेही मोजून पाहावे. अँड्र्यू एन्ग यांचा मशीन लर्निंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम २०११ मध्ये आला, तेव्हा त्यातील गृहपाठ ऑक्टेव्ह या भाषेत होते. २०२२ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत ते पायथनमध्ये आहेत. भाषा बदलली, लॉजिस्टिक रिग्रेशन ही मूळ पद्धत मात्र जशीच्या तशी राहिली. आज सर्वांच्या तोंडी असलेल्या चॅटबॉटमागील ट्रान्सफॉर्मर रचना २०१७ ची आहे, आणि तिच्या पोटातही मॅट्रिक्सचे गुणाकारच आहेत.

वेळेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. तीन महिन्यांचा रोडमॅप रोज सहा तास गृहीत धरत असेल, तर ते सुमारे ५४० तास झाले. नोकरी करणाऱ्याच्या हाती आठवड्याला पाच तास लागतात असे धरले, तर त्याच चित्राला १०८ आठवडे, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. हे आधी माहीत असेल तर चौथ्या महिन्यात स्वतःला मंदबुद्धी समजण्याची वेळ येत नाही.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने एका क्लासला भरलेले शुल्क तिच्या वडिलांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे होते, आणि तिला तिथे मिळाले ते इंटरनेटवर विनामूल्य असलेलेच साहित्य, चहापानासह. आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. आठवड्याचा गृहपाठ असतो, तो मुदतीत द्यावा लागतो आणि ज्याला प्रमाणपत्र हवे असेल त्यानेच शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असते. ही मुदत म्हणजे एकट्याने शिकणाऱ्याला मोठाच आधार आहे. इंग्रजीची अडचण असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातील छोटे धडे आहेत आणि त्यांतील बरेच विषय मराठीतूनही ऐकता येतात. चांगले क्लास नाशिकमध्ये नसतीलच असे माझे म्हणणे नाही. पण शुल्क भरण्यापूर्वी मागच्या तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या प्रश्नावर केलेले काम दाखवायला सांगावे, फलकावरची छायाचित्रे नव्हे.

'आता एआयच प्रोग्राम लिहून देते, मग शिकायचे कशाला' असे माझा पुतण्या विचारतो. मी त्याला सांगितले की पहिले दोन महिने प्रत्येक ओळ स्वतःच्या बोटांनी टाइप कर, आणि चॅटबॉटला उत्तर न मागता 'ही चूक का आली ते समजाव' एवढेच विचार. वर सांगितलेल्या ९७ टक्क्यांच्या मॉडेलचा प्रोग्राम कोणताही चॅटबॉट मिनिटभरात बिनचूक लिहून देईल. तो आकडा पोकळ आहे हे ओळखायला मात्र आमच्या शॉप फ्लोअरवर रिजेक्शन किती येते ते माहीत असावे लागते. पिंपळगावला द्राक्षांची प्रतवारी करणाऱ्याला किंवा लासलगावला कांद्याचे रोजचे भाव टिपून ठेवणाऱ्यालाही त्याच्या नोंदींबाबत असेच लागू पडेल. त्यांचे प्रश्न तर माझ्यापेक्षा अधिक मोठे आणि अधिक निकडीचे आहेत.

आता एक विनंती. आपल्या शहरात अभ्यासिका पुष्कळ आहेत आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींनी त्या पहाटेपासून भरलेल्या असतात. तिथे बोलायला बंदी असते आणि ती योग्यच आहे. पण प्रोग्रामिंग शिकणाऱ्याचे घोडे अडते ते एखाद्या स्वल्पविरामावर, आणि शेजारी बसलेला माणूस ते दोन मिनिटांत सोडवू शकतो. शहरातील एखाद्या वाचनालयाने किंवा अभ्यासिकेने रविवारी सकाळी दोन तासांसाठी बोलण्याची मुभा असलेली एक खोली आणि वीजजोडणीचे एक टेबल दिले, तर लॅपटॉप ज्याचे त्याने आणावेत आणि प्रत्येकाने आपापला एक प्रश्न घेऊन यावे. माझी साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते आणि सुरुवातीची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे. आपल्या वृत्तपत्रामुळे ही सूचना संबंधितांच्या नजरेस आली, तर आभारी राहीन.

आपला नम्र,
गुणवत्ता विभागातील एक वाचक
सिडको, नाशिक