अंश छापता, छेदही छापा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञानातल्या शोधांच्या बातम्यांना अलीकडे पहिल्या पानावर जागा मिळू लागली आहे, याचा मनापासून आनंद आहे. पण या बातम्यांतून एक गोष्ट वारंवार गळते. आकडा छापला जातो, तो कशाच्या तुलनेत आणि कितींपैकी हे छापले जात नाही. अपूर्णांकाचा अंश तेवढा वाचकापर्यंत पोहोचतो, छेद कार्यालयातच राहतो. हे पत्र त्या छेदासाठी आहे.

सर्वांत आधी कार-टी उपचार, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बाहेर काढून, बदलून, कर्करोगावर सोडणे; कारण ही बातमी वाचून घरातली माणसे पैशांची जुळवाजुळव सुरू करतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार-19 या देशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मंजुरी मिळाली. अमेरिकेत ज्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये पडतात, तो इथे 30 ते 40 लाखांच्या घरात आला. हे यश मोठे आहे आणि ते ठळक छापलेच पाहिजे. मात्र ‘कर्करोगावर देशी उपचार’ एवढ्याच मथळ्याने स्तनाच्या, फुप्फुसाच्या, तोंडाच्या कर्करोगाचे रुग्णही चौकशीला येतात. त्यांच्यासाठी हे औषध नाही. बदललेल्या टी-पेशी ‘सीडी-19’ हे प्रथिन हेरतात, आणि ते बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर असते. म्हणून मंजुरी आहे ती बी-पेशींच्या ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि लिम्फोमासाठी (लसीका ग्रंथींचा कर्करोग), तीही आधीच्या उपचारांना दाद न दिलेल्या किंवा आजार उलटलेल्या रुग्णांसाठी, वय 15 पासून पुढे.

आता आकडा. 2025 मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजी या नियतकालिकात चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि 73 टक्के हा आकडा सगळीकडे झळकला. दोन टप्पे मिळून रुग्ण होते 64. परिणाम तपासता आला 51 जणांचा, आणि त्यांतल्या 37 जणांनी प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे आजार पूर्ण किंवा काही अंशी ओसरला. बरे होणे ही त्यापुढची गोष्ट. आजार पुन्हा न वाढता गेलेला काळ मध्यकाने मोजला, तर लिम्फोमात 4 महिने आणि ल्युकेमियात 6 महिने निघाला. मध्यक म्हणजे निम्म्या रुग्णांना याहून जास्त काळ मिळाला, निम्म्यांना कमी. उपचाराशी निगडित मृत्यू दोन. दुसरा कोणताच उपाय न उरलेल्या रुग्णांत हे आकडे चांगले आहेत. पण 73 च्या शेजारी हे 4 आणि 6 छापले नाहीत, तर घरच्यांचा हिशेब चुकतो.

उपचार नेमका कसा होतो, हेही दोन परिच्छेदांत सांगता येते. अफेरेसिस यंत्रातून रुग्णाचे रक्त काही तास फिरवतात, पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेले रक्त परत देतात. प्रयोगशाळेत टी-पेशी जाग्या करून, स्वतःची वाढ करू न शकणाऱ्या लेंटिव्हायरस या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवे जनुक घालतात. मग त्या वाढवायच्या आणि जंतुसंसर्ग नाही ना, जिवंत पेशी पुरेशा आहेत ना, हे तपासायचे. मधल्या आठवड्यांत आजार थांबून राहत नाही. त्यामुळे बऱ्याच जणांना तेवढ्यापुरती केमोथेरपी द्यावी लागते. पेशी परत सोडण्याच्या आधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोथेरपीची औषधे देऊन शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट (टी आणि बी यांसारख्या पांढऱ्या पेशी) कमी करतात, म्हणजे नव्यांना वाढायला जागा मिळते. प्रत्यक्ष पेशी चढवणे हे सगळ्यांत छोटे काम.

खरी कसोटी त्यानंतर लागते. टी-पेशी कामाला लागल्या की सायटोकाइन, म्हणजे दाह वाढवणारी संदेशवाहक प्रथिने, उसळतात. ताप चढतो, रक्तदाब आणि ऑक्सिजन उतरतो. हा उद्रेक आवरणारे टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी असावे लागते, प्रसंगी स्टिरॉइड लागतात. मेंदूवर परिणाम होतोय का, हे पाहायला रुग्णाला रोज एक वाक्य लिहायला सांगतात. अक्षर बिघडू लागले की ती धोक्याची खूण. पांढऱ्या पेशी बराच काळ खालावतात आणि निरोगी बी-पेशीही नष्ट होत असल्याने प्रतिपिंडे कमी पडतात, म्हणून जंतुसंसर्गाची भीती असते. अतिदक्षता कक्ष, प्रतिजैविके, रक्तघटक, इम्युनोग्लोब्युलिन (बाहेरून दिलेली प्रतिपिंडे) यांचा खर्च औषधाच्या किमतीत धरलेला नसतो. उपचार फसतो त्याची दोन कारणे नेहमी दिसतात. आधीच्या केमोथेरपीने टी-पेशी इतक्या थकलेल्या असतात की त्या नीट वाढतच नाहीत, किंवा कर्करोगाच्या पेशी सीडी-19 टाकून देतात आणि नव्या टी-पेशींना त्या दिसेनाशा होतात. बातमीत यातल्या चार ओळी आल्या, तरी डॉक्टरांना काय विचारायचे ते नातेवाइकांना कळेल.

परग्रहाच्या बातमीत कोणाच्या खिशाला धक्का नाही, पण तिथला छेद आणखी निसरडा आहे. एप्रिल 2025 मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने के2-18बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्याच जवळचा दुसरा रेणू असावा असे जाहीर केले. ग्रह 124 प्रकाशवर्षे दूर. तो आपल्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळला जातो. कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश कमी पडला, ते जेम्स वेब दुर्बिणीने मोजले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो, म्हणून एवढी खळबळ. निष्कर्षाची खात्री ‘तीन सिग्मा’ होती, म्हणजे असा संकेत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता 0.3 टक्के. यावरून अनेकांनी ‘99.7 टक्के जीवसृष्टी’ असा अर्थ लावला. तो साफ चूक आहे. 0.3 टक्के हे विधान आकडेवारीतल्या गोंगाटाबद्दल आहे, जीवसृष्टीबद्दल नाही. शिवाय ते ठरावीक रेणूंची यादी धरून केलेल्या गणितातले आहे. इतर संशोधकांनी तीच निरीक्षणे वेगळ्या गृहीतकांनी तपासली, तेव्हा ही खात्री बरीच खाली आली. हाच रेणू 67पी या धूमकेतूवरही सापडला आहे, जिथे जीवसृष्टीचा प्रश्नच येत नाही. शोध सिद्ध झाला म्हणायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे शक्यता 0.00006 टक्क्यांहून कमी. त्यासाठी दुर्बिणीचा आणखी 16 ते 24 तासांचा वेळ पुरेल, असे त्या गटाने स्वतःच सांगितले होते.

कच्छमध्ये जीवाश्म सापडलेल्या ‘वासुकी इंडिकस’ या प्राचीन सापाबाबत तर संशोधकांनी छेद हातात ठेवला होता. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतले 27 मणके, वय सुमारे 4.7 कोटी वर्षे, सर्वांत रुंद मणका 11 सेंटिमीटरहून थोडा जास्त. कवटी सापडलेली नाही. आजच्या सापांच्या मणक्याची रुंदी आणि शरीराची लांबी यांचे नाते धरून दोन पद्धतींनी अंदाज काढले. एकाने 10.9 ते 12.2 मीटर आले, दुसऱ्याने 14.5 ते 15.2. कोलंबियातला टायटॅनोबोआ हा दुसरा प्राचीन महाकाय साप 13 मीटरच्या आसपास मानला जातो. म्हणजे पहिली पद्धत धरली तर वासुकी त्याच्याहून लहान आणि दुसरी धरली तर मोठा. मथळ्यात मात्र ‘15 मीटर, जगातला सर्वांत लांब साप’ एवढेच उरले.

यंत्रमानवाचे थोडक्यात. 19 एप्रिल 2025 रोजी बीजिंगमध्ये ‘त्यानगोंग अल्ट्रा’ने अर्धमॅरेथॉन 2 तास 40 मिनिटांत पुरी केली. वाटेत तीनदा बॅटरी बदलली, एकदा तो पडला, सोबत माणसे धावत होती. सुटलेल्या 21 यंत्रांपैकी सहाच शेवटापर्यंत पोहोचली. 21 किलोमीटर दोन पायांवर जाणे ही थोर कामगिरी आहे, आणि ती किती अवघड आहे हे त्या 21 पैकी सहामुळेच कळते.

शेवटी लघुग्रह 2024 वायआर-4. त्याच्या संभाव्य मार्गाखालच्या पट्ट्यात मुंबईचे नाव आले आणि आपल्याकडे धास्ती पसरली. 18 फेब्रुवारी 2025 रोजी टक्केवारी 3.1 वर गेली. हा आकडा 22 डिसेंबर 2032 ला तो पृथ्वीवर कुठेही आदळण्याचा होता. मुंबईचा वाटा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण आशियापर्यंत पसरलेल्या त्या पट्ट्यातला अगदी नगण्य तुकडा. टक्केवारी आधी वाढते आणि मग कोसळते, यातही गूढ काही नाही. सुरुवातीला लघुग्रह नेमका कुठून जाईल याची अनिश्चितता लाखो किलोमीटर रुंद असते आणि पृथ्वी तिच्यातला एक ठिपका असते. निरीक्षणे वाढली की पट्टा आक्रसतो. जोवर पृथ्वी त्याच्या आत आहे तोवर तिचा वाटा वाढत जातो, आणि पट्ट्याची कड पृथ्वीवरून सरकली की तो एकदम शून्याकडे जातो. 24 फेब्रुवारीला नासाचा आकडा 0.004 टक्के होता.

तेव्हा विनंती अशी की, 3.1 टक्के ज्या पानावर ज्या आकारात छापले जातात, तिथेच आणि तेवढ्याच आकारात 0.004 टक्केही छापले जावेत. हा लघुग्रह 2028 मध्ये पुन्हा पृथ्वीजवळून जाईल, त्याची कक्षा नव्याने मोजली जाईल आणि नवे आकडे येतील. त्या वेळी प्रत्येक टक्केवारीशेजारी तिची तारीख, ती नासाची की युरोपीय अंतराळ संस्थेची, आणि कशाची शक्यता, एवढी एक ओळ जरूर द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक