यशवंत घाडगेंचं नाव सोलापुरात का नको?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१२ जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्याला हार घालून परतताना टपरीवर मित्राशी वाजलं. मी दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या नाईक (हा पलटणीतला हुद्दा) यशवंत घाडगेंचं नाव काढलं, तर तो म्हणाला, "ज्या इंग्रजांनी आपली चार माणसं १९३१ ला फासावर दिली, त्यांच्याच फौजेतला शिपाई. त्याचं कौतुक सोलापुरात कशाला?" ऐन सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस, गर्दी, समोर गरम भजी, उत्तर काही धड देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

घाडगे रायगडातल्या माणगाव तालुक्याचे. वय अवघं २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, मराठा पलटणीतल्या त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगन सुटली. घाडगे सोडून सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. मदतीची वाट न बघता हा गडी एकटा धावला. हातगोळ्यानं मशिनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती. मग बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडपून लोळवलं. तेवढ्यात बाजूला दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत, पाठीत घुसल्या. घेतलेल्या ठाण्यातच ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

मित्राचा राग मला कळतो. १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉमध्ये, म्हणजे लष्करी राजवटीत, गांधी टोपीपायी मार खाल्लेले गिरणी कामगार आमच्याही घरात होते. पदक इंग्रज राजाचं, हे खरंच. पण समोर हिटलरची फौज होती, हेही तितकंच खरं. आणि पोटासाठी पलटणीत गेलेल्या पोरांना साम्राज्याचा हिशेब कोण विचारत होतं?

घाडगेंची कबर कुठे आहे, ठाऊक नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. माणगावात पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. तिथल्या लोकांना भारतीय जवान इंग्रजांचा की आपला, हा प्रश्न पडलेला दिसत नाही.

येत्या १० जुलैला आपण त्यांच्यावर पाव रकाना तरी छापावा, ही विनंती. कात्रण मित्राकडे मी स्वतः नेऊन देईन. त्या दिवशी भज्यांचे पैसे त्यानंच दिले होते.

– एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर